मगरीचं वाय गुणसूत्र कुठे असतं?

प्रश्न : मी पोलादपूरची. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, आता बारावी सायन्सला आहे. क्लाससाठी एसटीने महाडला जाते. मागच्या उन्हाळ्यात तिथे सावित्रीच्या काठावर ऊन खात पडलेली मगर पाहिली. पुस्तकात लिंगनिश्चिती माणसाची आहे, पक्ष्यांची आहे, मधमाशीची आहे. मग मगरीचं काय? मैत्रीण म्हणते, नीटच्या 720 गुणांपैकी 360 बायोलॉजीचे, नको त्यात वेळ घालवू नकोस.

उत्तर : तुझ्या मैत्रिणीची काळजी खरी आहे. पण हा प्रश्न त्याच धड्यातून उगवलेला आहे, तो ‘नको त्यात’ला नाही.

मगरीला वाय गुणसूत्र नसतं. पक्ष्यांसारखी झेड-डब्ल्यू जोडीही नसते. नर आणि मादी यांची गुणसूत्रं सारखीच. पिल्लू कोण होणार हे ठरवते ती अंड्याभोवतालची ऊब.

सावित्रीतली मगर गोड्या पाण्याची, इंग्रजीत ‘मगर’ म्हणतात ती. उन्हाळ्यात मादी पाण्यापासून जरा वर, काठावर खड्डा खणते, त्यात साधारण पंचवीस-तीस अंडी घालते आणि माती ओढून घेते. दोनेक महिन्यांत, पावसाळ्याच्या तोंडावर, पिल्लं बाहेर येतात. महाडकरांना पावसातली सावित्री सांगायला नकोच. ती चढण्याआधी खड्डा रिकामा व्हावा लागतो.

चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत या मगरीची अंडी ठरावीक तापमानात उबवून पाहिली. जेफ्री लँग, हॅरी अँड्र्यूज आणि रोम्युलस व्हिटेकर यांनी 1989 मध्ये निष्कर्ष मांडले. 28 ते 31 अंश सेल्सिअसला सगळ्या माद्या. 32.5 अंशांना सगळे नर. 31.5, 32 आणि 33 अंशांना दोन्ही. मला या आकड्यांपाशी दरवेळी थांबावंसं वाटतं. सगळ्या माद्या आणि सगळे नर यांच्यात फक्त दीड अंशाचं अंतर! आपल्या अंगातला साधा तापसुद्धा तेवढा चढतो. शिवाय एकाच खड्ड्यात वरची अंडी आणि तळाची अंडी सारख्या उबेत नसतात.

हे घडतं कसं? वृषण घडवणारी आणि अंडाशय घडवणारी, दोन्ही जनुकं प्रत्येक भ्रूणात असतात. माणसात वायवरचं एसआरवाय जनुक त्यातली एक वाट उघडतं. मगरीत उबवणीच्या मधल्या काळातलं तापमान ते काम करतं, आणि एकदा वाट ठरली की पुढे ऊब बदलली तरी फरक पडत नाही. यात संप्रेरकांचाही हात आहे. अमेरिकेतल्या ॲलिगेटरच्या अंड्यांना नराच्या तापमानात ठेवून इस्ट्रोजेन दिलं, तर मादी जन्मते. म्हणजे संप्रेरकांचा धडा आणि आनुवंशिकतेचा धडा इथे एकमेकांना येऊन मिळतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी व्याख्या पाठ करताना दोन धड्यांतलं हे नातं अनेकदा निसटतं. म्हणून मी सांगेन, आधी मराठीत स्वतःला समजाव, मग इंग्रजी शब्द लाव. उत्तरपत्रिकेत मात्र पुस्तकातले तीन प्रकारच लिही. मगर वहीच्या मागच्या पानावर राहू दे.

नदीकाठी उतरून घरटं शोधायला जाऊ नकोस. मादी जवळच राखण करत असते, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मगर पहिल्या अनुसूचीत आहे. पुलावरून पाहा. तारीख, वेळ, ऊन होतं की ढग, एवढं वहीत टिपलंस तरी वर्षभरात तुझ्याकडे स्वतःची नोंद असेल.

आणि आता तुला एक प्रश्न. हीच सावित्री महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्राला मिळते. तिथून जवळच वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. त्यांचंही लिंग वाळूची ऊबच ठरवते, पण त्यांच्यात थंड वाळूत नर जन्मतात आणि गरम वाळूत माद्या. एकाच नदीच्या वाटेवर असे दोन उलटे नियम का असावेत? विचार करून लिही, वाट पाहतो.