एका मोठ्या संख्येची फोड

बुद्धिबळाच्या पटाची कथा तुम्ही ऐकलीच असेल. पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी दर घराला दुप्पट करीत गेले, तर चौसष्टावे घर येण्याच्या कितीतरी आधीच राजाचे कोठार रिते होते. आता त्या पटाला आणखी तीन घरे जोडली आहेत, अशी कल्पना करा. साऱ्या पटावर मिळून किती दाणे होतील? दोन हा अंक ६७ वेळा मांडून त्यांचा गुणाकार करावा व त्यातून एक वजा करावा. उत्तर येते :

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. ही एकवीस अंकी संख्या त्यांच्याही तीन स्थाने पलीकडे जाते.

जिला एक आणि ती स्वतः यांवाचून दुसऱ्या कशानेही नि:शेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. वरच्या रीतीने तीन, पाच व सात घरांसाठी अनुक्रमे ७, ३१ व १२७ या संख्या येतात, आणि त्या तिन्ही मूळ आहेत. अकरा घरांची २०४७ मात्र फसवी निघते. ती २३ आणि ८९ यांचा गुणाकार होय. मग सदुसष्ट घरांची संख्या कोणत्या प्रकारची?

मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ साली एका ग्रंथात ती मूळ असल्याचे लिहिले. एवढी संख्या तपासून पाहण्याचे साधन त्याच्यापाशी असणे संभवत नव्हते. तरी पुढे दोनशेहून अधिक वर्षे हे विधान खोडून काढणारा कोणी निघाला नाही. १८७६ साली एद्वार ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने ही संख्या मूळ नसल्याचे सिद्ध केले. गंमत अशी, की तिला भागणारी एकही संख्या त्याच्या हाती आली नव्हती! नारळ न फोडता, कानाशी हलवून आत पाणी आहे हे ओळखावे, तशी ही युक्ती होती. संख्या फुटते हे कळले. ती कोठे फुटते, हे आणखी सत्तावीस वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते.

अमेरिकेतील प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल या कामाला लागले. एकामागून एक भाजक घेऊन पाहावे, तर बाराशे कोटींच्या वर जावे लागेल. परंतु या संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवाला १३४ ने भागले असता बाकी एकच उरते, असा नियम आहे. अशा कसोट्यांनी निरुपयोगी भाजकांची गर्दी पुष्कळच हटते. तथापि उरलेले कामही थोडे नव्हते.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी अमेरिकेच्या गणित परिषदेत कोल यांनी आपला शोध मांडला. त्याविषयी अशी आख्यायिका आहे, की ते फळ्यापाशी गेले व अवाक्षर न उच्चारता लिहू लागले. एका बाजूला त्यांनी दोनाचा सदुसष्टावा घात काढून त्यातून एक वजा केला. दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार मांडला. दोन्हींकडे तेच एकवीस अंक! ते मुकाट्याने जाग्यावर येऊन बसले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. या शोधास किती काळ लागला, असे पुढे कोणी विचारले, तेव्हा “तीन वर्षांतले रविवार,” असे ते म्हणाल्याचे सांगतात.

आज संगणक हेच काम क्षणार्धात करतो. पण तो गुणाकार पडताळून पाहण्यास तुम्हांला संगणकाची गरज नाही. वहीचे पान आडवे धरा, अंक एकाखाली एक नीट मांडा, आणि हातचे विसरू नका.