मोटारीचा भाता: सुपरचार्जरकडून जोड-टर्बोकडे

उसाच्या हंगामात सातारा-सांगली भागातील कोणत्याही हमरस्त्यावर घटकाभर उभे राहिले असता मालमोटारींवर 'टर्बो' हा शब्द लिहिलेला दिसतो. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी तो मोठ्या उत्साहाने उच्चारतात. परंतु टर्बो म्हणजे नेमके काय, असे विचारले असता 'गाडी जोरात पळते' यापलीकडे उत्तर बहुधा मिळत नाही. अलीकडे तर वेगवान सेदान मोटारीचा सुपरचार्जर काढून तिला दोन टर्बोचार्जर बसविल्याच्या चित्रफिती मुले पाहतात आणि 'हे आपल्याकडे करता येईल काय?' असे विचारतात. प्रश्न चांगला आहे. त्याच्या उत्तरास थोडे पदार्थविज्ञान, थोडे गणित, थोडा इतिहास आणि थोडा कायदा लागतो. त्या सर्वांचा येथे क्रमाने विचार करू.

प्रथम हवेचा विचार. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. एंजिनाच्या नळकांड्यात पेट्रोल अधिक सोडणे सोपे असते; हवा अधिक भरणे हेच अवघड. लोहाराच्या भट्टीत कोळसा कितीही घातला तरी भाता चालल्यावाचून लोखंड लाल होत नाही, तसाच हा प्रकार. साध्या एंजिनात दट्ट्या खाली सरकला म्हणजे बाहेरची हवा आपल्या दाबाने आत शिरते, आणि तो दाब जेवढा तेवढीच हवा मिळते. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी व पुढे महाबळेश्वरास गेले म्हणजे समुद्रसपाटीच्या मानाने हवेचा दाब सुमारे १५ टक्क्यांनी उतरलेला असतो. म्हणून साध्या एंजिनाची शक्तीही त्याच सुमाराने घटते.

यावर उपाय एकच: एंजिनासही भाता लावावा. हा भाता चालवावयाच्या रीती मात्र दोन आहेत आणि त्यांतील भेद हाच आजच्या पाठाचा गाभा होय.

पहिली रीत सुपरचार्जरची. अमेरिकेतील इंडियाना प्रांतात रूट्स बंधूंनी १८६० साली दोन फिरत्या पाळ्यांचे हवा लोटणारे यंत्र पेटंट केले. ते कारखान्यांच्या भट्ट्यांस व खाणींस हवा पुरविण्याच्या कामी आले. पुढे त्याच जातीचे यंत्र मोटारीच्या एंजिनावर चढले. त्याचा पट्टा एंजिनाच्या मुख्य दांड्यावरून फिरतो. लोहार स्वतःच्या हाताने भाता ओढतो, त्याप्रमाणे एंजिन आपल्या शक्तीतून आपला भाता ओढते. पाय दाबताच हवा मिळते, हा यातला गुण. पण त्या हवेची मजुरी एंजिनालाच भरावी लागते.

दुसरी रीत टर्बोचार्जरची. स्वित्झर्लंडातील आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. इंधनातील उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश भाग धुराबरोबर वाया जातो, हे ध्यानी घेऊन त्याने त्या धुराच्या झोतात एक चाक धरले. त्याच आसावर दुसऱ्या टोकास हवा लोटणारे चाक बसविले. म्हणजे भट्टीतून निसटणाऱ्या गरम वाऱ्यानेच भट्टीचा भाता चालविला! १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी नावाचे विमानाचे एंजिन १४,१०९ फूट उंचीच्या पाइक्स पीक या शिखरावर नेऊन याची परीक्षा घेतली. पायथ्याच्या प्रदेशाहूनही खाली, समुद्रसपाटीस ३५० अश्वशक्ती देणारे हे एंजिन शिखरावर २३० वर उतरले. टर्बो जोडताच ते ३५६ वर गेले. महाबळेश्वरच्या घाटाचे कोडे तेथे सुटले.

हवा दाबण्याची मजुरी किती पडते, हे आता गणिताने पाहू. मोठ्या वेगवान मोटारीचे एंजिन भर वेगात दर सेकंदास ०.४ किलोग्रॅम हवा घेते व तिचा दाब १.८ पट करावयाचा आहे, असे समजू. बाहेरील हवा २७ अंश सेल्सियस आहे. यंत्र निर्दोष असते तर हवा दाबताना सुमारे ५५ अंशांनी तापली असती. ६० टक्के कार्यक्षमता धरल्यास ती सुमारे ९० अंशांनी तापते. एक किलोग्रॅम हवा एक अंशाने तापविण्यास सुमारे १ किलोज्यूल लागतो. यास्तव शक्ती = ०.४ × १ × ९० = ३६ किलोवॅट, म्हणजे सुमारे ४८ अश्वशक्ती. सुपरचार्जर असल्यास ही ४८ अश्वशक्ती चाकांपर्यंत न पोहोचता पट्ट्यात खर्च होते. टर्बो असल्यास तिचा पुष्कळसा भाग वाया जाणाऱ्या धुरातून निघतो. पुष्कळसा म्हणतो, सर्व नव्हे. कारण धुराच्या वाटेत चाक आडवे आले म्हणजे धूर बाहेर लोटण्यास दट्ट्यास थोडा अधिक जोर करावा लागतो. सृष्टीत फुकट असे काही मिळत नाही. काटकसर मात्र करता येते.

याच गणितातून दुसरी गोष्ट निघते. हवा ११७ अंशांपर्यंत तापली म्हणजे ती फुगते, दाब १.८ पट झाला तरी घनता १.३८ पटच होते. तीच हवा ५७ अंशांपर्यंत थंड केली तर घनता १.६४ पट होते. हे थंड करण्याचे काम इंटरकूलर करतो. मालमोटारींवर 'टर्बो'च्या शेजारी हा शब्द का लिहितात, ते आता उमगेल.

एका रीतीकडून दुसरीकडे जाण्याचा खरा दाखला आपल्या पुण्याजवळच आहे. मर्सिडीज-बेंझ कंपनीने १९९५ साली पिंपरीस मोटारी जोडण्यास आरंभ केला व २००९ साली चाकण येथे आपला कारखाना उघडला. तिच्या सी-क्लास सेदानात आधी 'कॉम्प्रेसर' म्हणजे सुपरचार्जर असलेले १,७९६ घन सेंटिमीटरचे एंजिन येई. नंतर तेवढ्याच घनफळाचे टर्बोचे एंजिन आले. दोहोंची शक्ती १८४ अश्वशक्तीच. परंतु पहिल्याचा पिळण्याचा जोर २५० न्यूटन-मीटर असून तो मिनिटास २,८०० फेऱ्यांपासून मिळे. दुसऱ्याचा २७० न्यूटन-मीटर असून तो १,८०० फेऱ्यांपासूनच मिळू लागला. सुपरचार्जर खालच्या वेगात नेहमीच सरस, ही समजूत येथे खोटी ठरते.

मग दोन टर्बो कशासाठी? दोन म्हणजे दुप्पट दाब, असा मुलांचा समज असतो. तो बरोबर नाही. एका मोठ्या टर्बोचे चाक जड असते. धुराने ते वेगात येईपर्यंत क्षणभर खोळंबा होतो. आता ती हवा दोन लहान टर्बोंत अर्धी-अर्धी वाटली तर प्रत्येक चाकाचा व्यास ०.७ पट पुरतो. वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असल्याने प्रत्येक चाक सुमारे ०.३५ पट, दोन्ही मिळून ०.७ पट. म्हणजे काठाचा वेग तोच ठेवूनही वेगात आणावयाचे वजन सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. शिवाय व्ही आकाराच्या एंजिनात नळकांड्यांच्या दोन ओळी असतात. प्रत्येक ओळीस आपला टर्बो देता येतो व नळ्या आखूड राहतात. याच कंपनीच्या २००३ च्या सुमाराच्या ई ५५ एएमजी सेदानात सुपरचार्जरचे आठ नळकांड्यांचे एंजिन ४७६ अश्वशक्ती देई. मध्यंतरी भात्यावाचूनचे मोठे एंजिन वापरून २०११ साली ई ६३ मध्ये ५,४६१ घन सेंटिमीटरच्या एंजिनास दोन टर्बो लावले. शक्ती ५२५ झाली. आणि २०२० साली चाकण येथेच जीएलसी ४३ कूपे ही जोड-टर्बोची सहा नळकांड्यांची मोटार जोडली जाऊ लागली.

आता मूळ प्रश्न: कारखान्यातून सुपरचार्जर घेऊन आलेल्या मोटारीस जोड-टर्बो बसविणे म्हणजे काय? जुना भाता काढून तेथे नवा ठेवणे, एवढेच ते काम नव्हे. सुपरचार्जर बहुधा दोन ओळींमधल्या खोबणीत बसलेला असतो व काही मोटारींत इंटरकूलरही त्याच्याच पोटात असतो. तो गेला की हवेच्या नळ्या व इंटरकूलर दोन्ही नवे हवेत. धूर बाहेर नेणारी मांडणी दोन्ही बाजूंनी बदलावी लागते. टर्बोचा आस मिनिटास लाखाहून अधिक फेऱ्या घेतो, म्हणून त्यास वंगणाचे तेल अखंड पोहोचले पाहिजे व सहज परतही आले पाहिजे. पेट्रोल एंजिनाचा धूर ९०० अंशांच्याही वर जातो; जवळच्या रबरी नळ्या व तारा त्यापासून झाकाव्या लागतात. दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट नावाची झडप लागते. हवा वाढली की त्या मानाने पेट्रोल वाढवावे लागते. सबब पंप व इंजेक्टर मोठे हवेत आणि नियंत्रक संगणकातील सर्व कोष्टके नव्याने बसवावी लागतात. त्यांत चूक झाली तर पेट्रोल अवेळी पेट घेते. यास नॉकिंग म्हणतात. अशा वेळी दट्ट्या काही क्षणांत फुटू शकतो. आणि एवढे साधले तरी क्लच, गिअर व ब्रेक हे जुन्याच शक्तीच्या हिशेबाने केलेले असतात. एक अंग बदलले की सर्व देहाचा विचार करावा लागतो.

पालकांनी व मुलांनी कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, परवानगीचे ठरावीक अपवाद सोडता, उत्पादकाने ठरविलेल्या व नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा मालकास सांगितल्या आहेत. अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, ते निराळेच. घरच्या माणसांनी उसाच्या बिलातून किंवा पगारातून जमविलेला पैसा अशा खटाटोपात घालून रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवाशी खेळणे, हे विज्ञानाचे प्रेम नव्हे.

मग मुलांच्या या ओढीचे काय करावे? ती मारू नये, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. एंजिनाचे वेड या भागास नवे नाही. किर्लोस्करवाडीस लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली माळरानावर कारखाना उभारला; साताऱ्याकडे धनजीशहा कूपर यांच्या कारखान्यातून नांगर व पुढे तेलाची एंजिने निघाली. सांगलीस १९४७ साली सुरू झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, साताऱ्यास कर्मवीरांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, दोन्हीकडे औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. आणि नव्या वाहनांची शास्त्रशुद्ध कसोटी घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यास आहे. ज्या मुलास टर्बोचा आवाज गोड वाटतो, त्याने चाचणीमंचावर, शिक्षकांच्या देखरेखीखाली तो ऐकावा. आणि ज्या बापास मुलाची ही आवड वाया गेलेली वाटते, त्याने एकदा त्याच्याकडून वरील ४८ अश्वशक्तीचा हिशेब मांडून घ्यावा. मुलाने तो बिनचूक मांडला, तर आवड वाया गेलेली नाही असे समजावे.

अभ्यासार्थ प्रश्न

१. वरील उदाहरणात यंत्राची कार्यक्षमता ६० ऐवजी ७५ टक्के धरल्यास हवा किती अंशांनी तापेल व किती अश्वशक्ती लागेल?

२. विहिरीवरील साधे डिझेल एंजिन सांगलीहून महाबळेश्वरास नेल्यास त्याची शक्ती का घटेल? टर्बो असल्यास फरक कमी का पडेल?

३. दोन टर्बोंऐवजी चार समान टर्बो बसविल्यास चाकांचे एकूण वजन एका मोठ्या चाकाच्या किती पट होईल? मग सर्वच मोटारींस चार टर्बो का लावीत नाहीत?

४. आपल्या घरात किंवा शेतावर जी उष्णता, जे पाणी वा जो वारा वाया जातो, त्यातील एखादी गोष्ट निवडून तिच्याकडून कोणते काम करून घेता येईल, ते दहा ओळींत लिहा.