जुलाबात गोड पेय नको

पालकहो, लेकराला जुलाब लागले की घर कासावीस होतं. कुणी डबाबंद रस आणतं, कुणी शीतपेयातला गॅस काढून पाजतं, कुणी शहाळं फोडतं. यामागची माया खरी आहे. पण पातळ काहीही पाजलं तरी चालतं, हा समज मुलाला महागात पडतो.

आतड्यातून पाणी रक्तात जातं ते मीठ आणि साखर यांच्या जोडीने. दोन्ही बेताची असली की पाणी भराभर शोषलं जातं. साखर फार झाली तर अंगातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. शीतपेयात साखर भरपूर, मीठ नावापुरतं. शहाळ्यात पोटॅशियम चांगलं, सोडियम कमी. एरवी खुशाल द्या, पण ओआरएसऐवजी, म्हणजे मीठ-साखरेच्या मापातल्या द्रावणाऐवजी, नको.

1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाइन अपुरं पडलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी, म्हणजे ओआरएसच, रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. 30 टक्क्यांच्या घरातला मृत्युदर 4 टक्क्यांच्या खाली आला. डॉक्टर नसलेल्या हातांनी वाचवलेले हे जीव होते!

घरीही हे जमतं, फक्त मापात चूक नको. ओआरएसच्या पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट घाला. दुधात किंवा रसात नाही. 24 तासांनी उरलेलं फेकून द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा-चमचा पाजा. नावात ओआरएस मिरवणारी गोड पेयंही दुकानांत विकली जात होती; ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यांना ते नाव वापरायला मनाई केली. तरीही घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहाच.

सहा महिन्यांच्या आतल्या निरोगी बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही, आईच्या दुधात ते पुरेसं असतं. जुलाबातही अंगावरचं दूध तोडू नका.

चहाने अंगातलं पाणी आटतं, असंही म्हणतात. मोठ्यांच्या बेताच्या चहाने तसं होत नाही. मुलांना मात्र तो नकोच, कारण त्याने झोप मोडते आणि जेवणातलं लोह कमी शोषलं जातं.

डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, लघवी थांबली किंवा मूल मलूल पडलं, तर घरी वाट पाहू नका. ओआरएस पाजत पाजतच दवाखाना गाठा.