रिकाम्या जागेचा पाठ : संगणकीय शब्दशोध आणि मराठी संहितेतील पदच्छेद

वेदाध्ययनाच्या परंपरेत संहितापाठ आणि पदपाठ असे दोन पाठ मानले गेले. संहितेत वर्ण एकमेकांस बिलगून येतात. पाणिनीने संहितेची व्याख्याच मुळी वर्णांचे अत्यंत सान्निध्य अशी केली आहे. पदपाठात तीच वाणी सुट्या पदांत मांडली जाते. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याच्या नावावर सांगितला जातो, आणि पदे सुटी करणे हे व्याकरणाचे व अर्थनिर्णयाचे काम आहे ही जाणीव त्यामागे स्पष्ट दिसते. दोन पदांमधील रिकामी जागा कोणीतरी केलेल्या वाचनाची खूण असते, हा विचार मराठी पाठसंशोधनाला अपरिचित नाही. मात्र संहिता संगणकावर आल्यापासून या जागेकडे पुन्हा दुर्लक्ष होऊ लागले आहे. शब्दांची वारंवारता, नाममुद्रांची गणना, सहचारी शब्दांच्या याद्या असे निष्कर्ष आता प्रबंधांतून येऊ लागले आहेत. ते ज्या शोधावर उभे असतात, त्या शोधाने 'जागा' कशाला म्हटले होते याचा उल्लेख सहसा कोठे आढळत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

असा शोध बहुधा 'रेग्युलर एक्सप्रेशन' या पद्धतीने केला जातो. येथे तिला 'आकृतिबंध' म्हटले आहे. या कल्पनेचे मूळ स्टीफन क्लीनी या तर्कशास्त्रज्ञाने १९५१च्या सुमारास मांडलेल्या गणिती विचारात आहे. १९६८ साली केन थॉम्पसन यांनी ती मजकुरातील शोधासाठी वापरण्याची रीत प्रसिद्ध केली आणि पुढे 'ग्रेप'सारख्या साधनांतून ती रूढ झाली. नेमका शब्द देण्याऐवजी शब्दाचा साचा द्यावयाचा, हे तिचे सूत्र. त्या साच्यात काही खुणांना ठरीव अर्थ असतो. एखाद्या घटकापुढे अधिक चिन्ह आले की तो घटक एकदा वा अनेकदा यावा, तारका आली की तो शून्य वा अनेकदा यावा. उलटी तिरपी रेघ आणि तिच्यापुढे लहान रोमन 'एस' अशी जोडखूण आली, तर त्या ठिकाणी रिकाम्या जागेचे कोणतेही एक चिन्ह चालेल. पुढील विवेचनात या जोडखुणेला 'एस-खूण' म्हटले आहे.

'कोणतेही एक चिन्ह' असे म्हणावे लागते, याचे कारण संगणकाच्या दृष्टीने रिकामी जागा एक नाही. युनिकोडच्या दशमान क्रमांकांनी सांगावयाचे तर नेहमीची जागा ३२ वी, टॅब ९ वे, नवी ओळ १० वी. १६० क्रमांकाची जागा दिसावयास ३२व्या जागेसारखीच असते, परंतु तिच्याशी ओळ तुटत नाही. शब्दसंस्करणाच्या प्रणालींतून आणि महाजालावरील पानांतून उचललेल्या मजकुराबरोबर ती नकळत येते. मुद्रकांच्या वापरातील अरुंद व रुंद जागा निराळ्याच. पानावर या सर्वांचे रूप एकच, म्हणजे काही न दिसणे. वाचणाऱ्याचा डोळा त्यांत भेद करीत नाही. यंत्र मात्र करते.

याचा परिणाम एका परिचित उदाहरणावरून पाहता येईल. 'तुका म्हणे' ही नाममुद्रा एखाद्या संगणकीय गाथेत किती वेळा आली, हे मोजावयाचे आहे असे समजू. नेहमीच्या जागेसह हे दोन शब्द शोधात दिले, तर यंत्र फक्त तेवढीच स्थळे सांगेल जेथे दोहोंच्या मध्ये ३२ क्रमांकाची एकच जागा आहे. टंकलेखकाने अनवधानाने दोन जागा दिल्या असतील, ओळ 'तुका'पाशी मोडली असेल, छापील पान यंत्राने वाचताना दोन्ही शब्द जोडले गेले असतील किंवा मध्ये १६० क्रमांकाची जागा शिरली असेल, तर ती स्थळे निसटतील. ती निसटली हे कळण्याचाही मार्ग नाही, कारण पडद्यावर आकडा येतो आणि आकड्याला स्वतःविषयी शंका नसते. जागेऐवजी एस-खूण व तिच्यापुढे अधिक चिन्ह दिले की यांपैकी बरीच स्थळे हाती लागतात. 'म्हणे तुका' असा उलटा क्रम मात्र वेगळा शोधावा लागतो. तो जागेचा प्रश्न नाही.

येथे एक दुहेरी अडचण उद्भवते. ग्रेपसारखी साधने ओळ हेच एकक धरून चालतात. आकृतिबंधात एस-खूण असली तरी एका ओळीच्या शेवटी 'तुका' आणि पुढील ओळीच्या आरंभी 'म्हणे' असेल, तर त्यांना ते दिसत नाही. याउलट, संपूर्ण संहिता एका धाग्यासारखी वाचणाऱ्या प्रणालीत एस-खूण नव्या ओळीलाही जागाच मानते, आणि अधिक चिन्हासह ती कितीही कोऱ्या ओळी ओलांडून जाते. संहितेतून दंड आणि अभंगांचे क्रमांक आधीच काढून टाकलेले असतील, तर एका अभंगाचा शेवटचा 'तुका' आणि पुढल्या अभंगाचा पहिला 'म्हणे' यांची जोड लागू शकते. यंत्राने असे दोन अभंग शिवले तर त्याला दोष देता येणार नाही. त्याला तसेच सांगितलेले असते. पर्लमध्ये, आणि जावाच्या आठव्या आवृत्तीपासून तिच्यातही, केवळ आडव्या जागांसाठी रोमन 'एच'ची वेगळी खूण आहे. ज्या काव्यप्रकारात ओळ हा अर्थघटक आहे, तेथे तिचा उपयोग अधिक सुरक्षित ठरतो.

साधनासाधनांतील मतभेदही लक्षात घेण्यासारखे आहेत. पायथॉन भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीत, शोध अक्षरसंहितेवर चालत असेल तर, एस-खूण १६० क्रमांकाच्या जागेलाही जुळते. जावामध्ये विशेष सूचना दिल्याखेरीज ती जुळत नाही, कारण तेथे मुळातल्या सहाच चिन्हांना जागा मानले आहे. कित्येक फायलींच्या अगदी आरंभी ६५२७९ क्रमांकाचे एक अदृश्य चिन्ह असते. जावास्क्रिप्ट त्याला जागा समजते, पायथॉन समजत नाही. म्हणून ओळीच्या आरंभी येणारा शब्द शोधताना ग्रंथातील पहिलीच ओवी सुटण्याचा संभव असतो. एकच संहिता आणि एकच आकृतिबंध घेऊन दोन अभ्यासक दोन प्रामाणिक आकडे देऊ शकतात, ते यामुळे. कोणती प्रत वापरली हे सांगण्याची शिस्त पाठचिकित्सेत रुजलेली आहे. कोणते साधन व त्याची कोणती आवृत्ती वापरली, हे सांगण्याची शिस्त अद्याप रुजावयाची आहे.

ही झाली तांत्रिक बाजू. खरा प्रश्न त्यापलीकडे आहे : जी जागा मोजली जाते, ती कोणाची? मोडी लेखनात आधी ओळभर रेघ ओढली जाई आणि अक्षरे तिला खाली लटकविली जात. शब्दाशब्दांत अंतर ठेवण्याची रीत नव्हती. बाळबोध पोथ्यांतूनही मजकूर बहुधा सलग चाले आणि दंड तेवढा विसावा देई. आज जिला विरामचिन्हांची व्यवस्था म्हणतात ती मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नाने एकोणिसाव्या शतकात मराठी मुद्रणात आली. तेव्हा ज्ञानेश्वरीची छापील प्रत उघडल्यावर शब्दांमध्ये जी पांढरी अंतरे दिसतात, ती ज्ञानदेवांची नव्हेत, १५८४ साली पाठशुद्धी करणाऱ्या एकनाथांचीही नव्हेत. ती वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संपादकांची आहेत. राजवाड्यांनी आपली प्रत १९०९ साली प्रसिद्ध केली. संगणकीय संहिता अशाच एखाद्या छापील प्रतीवरून सिद्ध होते. तिच्यातील 'शब्द' मोजणारा अभ्यासक प्रत्यक्षात संपादकाचा पदच्छेद मोजत असतो.

'एकनाथ' आणि 'एक नाथ' यांत काय अंतर आहे? सलग लिहिलेल्या पोथीत काहीच नाही. संतनामाचा निर्देश आहे की एकाच स्वामीचा, हे प्रसंगावरून ठरवावे लागते, आणि संपादक ते ठरवूनच जागा सोडतो किंवा सोडत नाही. आता आकृतिबंध रचणाऱ्यापुढे दोन वाटा आहेत. 'एक' आणि 'नाथ' यांच्या मध्ये एस-खूण व अधिक चिन्ह दिले तर संपादकाचा निर्णय शिरोधार्य मानला जातो : जेथे त्याने जागा सोडली तेवढीच स्थळे मिळतात. अधिक चिन्हाऐवजी तारका दिली तर जागा असो वा नसो, दोन्ही स्थळे एकत्र येतात. संपादकाचा निर्णय बाजूला सारून संहितापाठाकडे परतता येते, पण पुढे प्रत्येक स्थळ स्वतः वाचून निवडावे लागते. अधिक चिन्ह की तारका ही निवड वरकरणी यांत्रिक दिसते. तिच्यात पदपाठ आणि संहितापाठ यांचा जुनाच वाद दडलेला आहे. मध्ययुगीन वाङ्मयासाठी तारकाच योग्य, असे सामान्यतः म्हणता येईल. ज्या आधुनिक लेखकाने स्वतः मुद्रिते तपासली, त्याच्या बाबतीत अधिक चिन्हाचा आग्रह धरावा, कारण तेथे 'नाहीतर' आणि 'नाही तर' हा भेद लेखकाच्याच हातचा असतो.

अदृश्य चिन्हांपैकी काही रिकाम्या जागेची नसतात, पण तशी समजली जातात. देवनागरीसाठी यांचे महत्त्व फार आहे. ८२०५ क्रमांकाचे शून्य रुंदीचे जोडचिन्ह मराठीत अर्ध्या रफारासाठी वापरले गेले आहे. 'दरी'चे अनेकवचन 'दऱ्या' संगणकात दोन प्रकारे साठवलेले आढळते : एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे हे जोडचिन्ह. दोहोंचे दर्शनी रूप सारखेच; एकाने शोधले तर दुसरे सापडत नाही. एस-खूण या जोडचिन्हाला जागा मानीत नाही, हे योग्यच आहे. परंतु 'न दिसणारे सर्व काही कचरा' अशा समजुतीने संहिता स्वच्छ करू पाहणारा अभ्यासक ते आपल्या यादीत हाताने घालतो आणि पुसून टाकतो. ते पुसताच रफार अक्षराच्या डोक्यावर चढतो आणि 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. सह्याद्रीच्या वर्णनात समुद्र अवतरावा, आणि तोही शब्दकोशात सापडणारा शुद्ध शब्द म्हणून! पुसण्याऐवजी त्या जागी ३२ क्रमांकाची जागा घातली, तर शब्दच दुभंगतो. ८२०३ क्रमांकाच्या चिन्हाची गोष्ट याहून विचित्र आहे. त्याच्या नावातच 'जागा' आहे, तरी ती शून्य रुंदीची असल्याने आजची बहुतेक साधने तिला एस-खुणेत धरीत नाहीत. दोन शब्दांमध्ये तेवढीच असेल, तर ते शब्द जुळलेले ठरतात.

जागेचा आधार नको म्हणून उलट्या बाजूने, शब्दाच्या अक्षरांकडून जावे, असे कोणास वाटेल. त्यासाठी रोमन 'डब्ल्यू'ची खूण आहे : अक्षर, अंक किंवा अधोरेषा. ती रोमन लिपीच्या कल्पनेतून आली असल्याने देवनागरीत तिची तारांबळ उडते. पायथॉनच्या मूळ शोधप्रणालीत मात्रा, वेलांट्या आणि हलन्त यांना अक्षर मानलेले नाही. परिणामी 'विठ्ठल' या शब्दाचे 'व', 'ठ' आणि 'ठल' असे तीन तुकडे होतात. शब्दसीमा दाखविणारी 'बी'ची खूणही याच व्याख्येवर उभी असल्याने तीही मराठीत फसते. म्हणूनच मराठी संहितेत शब्द ओळखताना 'जे जागा नाही ते' असा नकारात्मक मार्ग, म्हणजे मोठ्या रोमन 'एस'ची खूण, तुलनेने बरा ठरतो. शब्दाला चिकटलेले दंड व स्वल्पविराम मग वेगळे काढावे लागतात.

दंडाच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. देवनागरी दंडाचा क्रमांक २४०४. परंतु कळफलकावर तो सहज मिळत नसल्याने अनेक संहितांत त्याच्या जागी १२४ क्रमांकाची साधी उभी रेघ टंकलेली असते. आकृतिबंधात त्या रेघेचा अर्थ 'किंवा' असा होतो. ओवीचा चरण रेघेसकट जसाच्या तसा शोधात टाकला, की यंत्र त्याचे दोन पर्याय करते आणि भलत्याच स्थळांचा ढीग समोर ठेवते. पोथीत विसाव्याची जी खूण होती, ती येथे विकल्पाची खूण होऊन बसते.

शोधाबरोबर बदलही येतो. संहिता सिद्ध करताना जागांचे सर्व पुंजके मिळून एकेक साधी जागा करणे, ही जवळजवळ पहिली पायरी मानली जाते; एस-खूण व अधिक चिन्ह यांनी ते क्षणात होते. बखरीच्या वा कादंबरीच्या गद्याला त्याने फारशी बाधा येत नाही. कवितेत मात्र ओळी आणि कडवी एकाच फटक्यात नाहीशी होतात. अरुण कोलटकर यांच्या इंग्रजी 'जेजुरी'त (१९७६) शेतातील कोंबड्यांच्या नाचाचे शब्द पानावर वरखाली विखुरलेले आहेत. तेथील जागा काढल्या तर नाच उरत नाही, शब्दांची यादी उरते. अशा संहितेची मूळ प्रत अस्पर्श ठेवून शोधासाठी दुसरी करावी, आणि दुसरीत कोणत्या क्रमांकांची चिन्हे कशाने बदलली याची नोंद तिच्या आरंभी असावी. छापील चिकित्सक आवृत्तीत पाठभेदांच्या टिपा जेथे असतात, त्याच्या शेजारीच या नोंदीची जागा आहे.