आवृत्ति-नियंत्रण : पाठचिकित्सेच्या प्रकाशात

ग्रंथाचा पाठ कालांतराने बदलत जातो, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकाला नवी नाही. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि यापुढे तीत कोणी स्वतःची ओवी घालू नये असे बजावले. परंतु शुद्धीकरण करताना कोणता पाठ गाळला व कोणता स्वीकारला, याची ओवीवार नोंद अभ्यासकाच्या हाती नाही. याउलट पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत पाठाखाली पाठभेदही नोंदविलेले आहेत. पहिल्या पद्धतीत निर्णय उरतो. दुसरीत निर्णयाबरोबर त्याचा पुरावाही उरतो.

संगणकाची आज्ञावली हाही एक पाठच होय. तो अनेक हातांनी लिहिला जातो, रोज बदलतो आणि त्यातील एका चिन्हाच्या चुकीने सारे काम थांबते. म्हणून त्याच्या पाठांतरांची नोंद ठेवणारी साधने निर्माण झाली. १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी एससीसीएस हे साधन रचले. १९८२ च्या सुमारास पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस तयार केले; त्यात मुख्य परंपरेची ताजी प्रत संपूर्ण ठेवून जुन्या प्रतीकडे नेणारे फरक तेवढे साठविले जात. लिनक्सच्या विकासकांना बिटकीपर या साधनाची मिळणारी विनामूल्य सवलत २००५ मध्ये संपुष्टात आली, तेव्हा लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये गिट लिहावयास घेतले. आज हेच साधन सर्वाधिक प्रचारात असल्याने पुढील विवेचन त्याच्याच आधारे केले आहे.

गिटच्या अंतर्रचनेचे मर्म एका कल्पनेत आहे : वस्तूला नाव द्यावयाचे ते तिच्या आशयावरून. फाइलमधील मजकुरावर गणिती प्रक्रिया करून चाळीस अक्षरांची एक खूण काढली जाते आणि त्या खुणेखाली तो मजकूर ‘ब्लॉब’ म्हणून साठविला जातो. एकच मजकूर दहा ठिकाणी असला तरी ब्लॉब एकच राहतो. फाइलचे नाव ब्लॉबमध्ये नसते. ते ‘ट्री’ या दुसऱ्या वस्तूत असते. कोणत्या नावाखाली कोणता ब्लॉब, याची ती यादी होय. तिसरी वस्तू ‘कमिट’. तीत एका ट्रीची खूण, पूर्वीच्या कमिटची खूण, कर्त्याचे नाव, काळ व संदेश असतो. अर्थात प्रत्येक कमिट हे तत्त्वतः संपूर्ण ग्रंथाचे चित्र असते, केवळ फरकांची यादी नव्हे. जागा वाचविण्यासाठी गिट पुढे फरक काढून वस्तू एकत्र बांधते खरे, परंतु ती साठवणीची सोय आहे.

यावरून एक महत्त्वाचा परिणाम निघतो. कमिटच्या खुणेत पूर्वजाची खूण मिसळलेली असल्यामुळे जुन्या कमिटमधील एक अक्षर जरी बदलले तरी त्याच्या साऱ्या वंशजांची नावे बदलतात. इतिहासात गुपचूप ओवी घालता येत नाही. ही हमी गणितावर अवलंबून आहे, हे मात्र विसरता कामा नये. २०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेच्या व गूगलच्या संशोधकांनी दोन भिन्न फायलींना एकच एसएचए-१ खूण येऊ शकते हे प्रत्यक्ष दाखविले. त्यानंतर गिटमध्ये अशा बनावट जोड्या ओळखणारी तपासणी आली व पुढे एसएचए-२५६ ची सोयही झाली.

‘ब्रँच’ म्हणजे प्रकल्पाची वेगळी नक्कल, असा नवशिक्याचा समज असतो. वस्तुतः ब्रँच म्हणजे एका कमिटची खूण धारण करणारे केवळ एक नाव होय. म्हणूनच ती काढण्यास क्षणही लागत नाही आणि पुसली तरी कमिटे तत्काळ नष्ट होत नाहीत. संकटसमयी धीर देणारी हीच गोष्ट आहे. ‘रीसेट हार्ड’ ही आज्ञा चुकून दिल्यावर आठवड्याचे काम गेले असे वाटते. परंतु जे कमिट झाले होते ते ‘गिट रिफ्लॉग’ या नोंदवहीत सापडते. रूढ मांडणीत तिच्यातील निराधार कमिटांच्या नोंदी तीस दिवस टिकतात. नवी ब्रँच त्या खुणेवर उभी केली की काम परत मिळते. ‘गिट अ‍ॅड’ केलेला मजकूरही ब्लॉब झालेला असतो व ‘एफएसके’ या तपासणीने बहुधा शोधता येतो. जे यांपैकी काहीच झाले नव्हते, ते मात्र गिटपाशी नाही. यास्तव लहान व वारंवार कमिटे करावीत.

दोन शाखा जुळविताना गिट त्यांचा समान पूर्वज शोधते. पूर्वजाच्या तुलनेत एकाच शाखेने ओळ बदलली असेल तर तो बदल स्वीकारला जातो. दोघींनी वेगवेगळी बदलली असेल तर निर्णय माणसावर सोपविला जातो. पाठचिकित्सकाला पूर्वज अनुमानाने उभा करावा लागतो. येथे तो नोंदलेलाच असतो. तथापि संघर्ष न येता झालेली जुळणी अर्थदृष्ट्या बरोबर असेलच असे नाही. एकाने फंक्शनचे नाव बदलले आणि दुसऱ्याने अन्य फाइलमध्ये जुन्या नावाने त्यास नवी हाक घातली, तर जुळणी निर्विघ्न होते व आज्ञावली मोडते. म्हणून जुळणीनंतर चाचणी अपरिहार्य आहे.

व्यवहारातील इतर नियम याच रचनेतून निघतात. इतरांपर्यंत पोचलेल्या कमिटांवर ‘रिबेस’ करू नये. त्याने नवी कमिटे जन्मतात व सहकाऱ्यांच्या प्रती तुटतात. तेथे चूक ‘रिव्हर्ट’ने, म्हणजे उलट्या कमिटने, उघडपणे दुरुस्त करावी. संकेतशब्द चुकून कमिट झाल्यास पुढच्या कमिटमध्ये तो पुसून भागत नाही, कारण जुना ब्लॉब उरतो. प्रथम तो संकेतशब्दच रद्द करावा. दोष कोणत्या कमिटने आला हे ‘बायसेक्ट’ निम्मे-निम्मे करीत शोधते; हजार कमिटांसाठी सुमारे दहा चाचण्या पुरतात. कमिटे मिश्र व मोठी असतील तर मात्र सापडलेले उत्तरही निरुपयोगी ठरते.

राहता राहिला संदेश. काय बदलले हे गिट स्वतःच दाखविते. का बदलले हे ते सांगू शकत नाही. ‘किरकोळ दुरुस्ती’ एवढेच लिहिणारा विकासक पाठ बदलतो, पण त्याचे कारण स्वतःबरोबर घेऊन जातो. पाच वर्षांनी ती ओळ काढावी की ठेवावी, या विवंचनेत पडलेल्या अनोळखी वाचकाला दोन वाक्यांचे कारण पुरते. साधन सर्व पाठ जपते. त्यामागचा विवेक जपण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याचीच राहते.