पंचविसावे कलम, इस्लाम आणि आपले धर्मांतर



मागच्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर एका आजीने मला विचारले, "सर, आता आपण बौद्ध झालो. मग फेब्रुवारीत उरसाला जायचं का नाही?" परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याचा उरूस आपल्या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. आजीचे बोलणे संपण्याआधीच एक तरुण म्हणाला, "त्यांचा अन् आपला संबंधच काय? मुसलमानांनी धर्म वाढवू नये म्हणून कायदा झालाच पाहिजे." आजीच्या प्रश्नाला उत्तर सोपे आहे. पण तरुणाच्या बोलण्यामागे मोठी चूक आहे. म्हणून आजचा पाठ त्यावरच घेऊ.

आधी आपल्या भागाचा इतिहास पाहू. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण परभणी झाली नाही. आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रझाकारांनी लोकांवर जुलूम केले. अस्पृश्य समाजाला आपल्या बाजूला ओढण्याचे, धर्म बदलायला लावण्याचे प्रयत्नही झाले. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी जाहीर पत्रक काढून पाकिस्तान व हैदराबादमधील आपल्या बांधवांना बजावले की, संकटातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणून धर्म बदलू नका आणि निजामाची बाजू घेऊ नका. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. त्या सुमारास मराठवाड्यातील निरपराध मुसलमानांचीही मोठी हत्या झाली. पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे नमूद आहे. जुलूम कोणी केला आणि त्याची शिक्षा कोणाला मिळाली, हा फरक आपण विसरता कामा नये.

या जखमा ओल्या असतानाच दिल्लीत घटना समितीपुढे धर्मस्वातंत्र्याचे कलम आले. आज ते पंचविसावे कलम आहे. मसुद्यात त्याचा क्रमांक एकोणीस होता. ३ आणि ६ डिसेंबर १९४८ रोजी त्यावर चर्चा झाली. धर्म मानण्याचा आणि आचरण्याचा हक्क बहुतेकांना मान्य होता. खरा वाद झाला तो 'प्रसार' या एका शब्दावर. ओरिसाचे लोकनाथ मिश्र यांनी त्याला कडाडून विरोध केला. धर्मप्रसारामुळेच देशाची फाळणी झाली, असा त्यांचा दावा होता. त्यांचा मुख्य रोख इस्लामवर होता.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. प्रसाराचा शब्द काढून टाका आणि धर्म खाजगीत आचरावा एवढेच ठेवा, अशी दुरुस्ती मांडणारे तजम्मुल हुसेन हे बिहारचे मुसलमान सभासद होते. उलट पंडित लक्ष्मीकांत मैत्र, टी. टी. कृष्णमाचारी, कन्हैयालाल मुन्शी या हिंदू सभासदांनी प्रसाराच्या हक्काची बाजू घेतली. कृष्णमाचारींचे म्हणणे असे होते की, हा हक्क कोणा एका जमातीला दिलेला नाही, तो सर्वांना सारखा आहे. म्हणजे सगळे हिंदू एकीकडे आणि सगळे मुसलमान दुसरीकडे, असे तेव्हाही नव्हते. अखेर ६ डिसेंबर १९४८ रोजी प्रसाराच्या हक्कासह कलम मंजूर झाले. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा मात्र घातली गेली.

समजा, इस्लामच्या भीतीने तो शब्द त्या दिवशी गाळला असता. मग काय झाले असते? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना उघड्या मैदानावर धम्मदीक्षा दिली. तो खाजगीत केलेला विधी नव्हता, तो धम्माचा जाहीर प्रसार होता. दुसऱ्याला अडवण्यासाठी घातलेला बांध आपल्याच पाटाचे पाणी अडवतो, ते असे.

ही जुनी गोष्ट नाही. गुजरातमध्ये २००३ साली धर्मस्वातंत्र्याच्या नावाने धर्मांतरावर बंधने घालणारा कायदा झाला. असे कायदे येतात तेव्हा बोट इस्लाम आणि ख्रिस्ती धर्माकडे दाखवले जाते. पण एप्रिल २०२४ मध्ये त्या राज्याच्या गृहखात्याने परिपत्रक काढले की, हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जाणाऱ्यालाही जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागेल. बौद्ध धर्म वेगळा आहे हे त्यात मान्य झाले, ही चांगली बाब. पण स्वतःच्या मनाने घेतलेल्या निर्णयासाठी अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, हे त्या तरुणाला आवडेल काय?

बाबासाहेबांनी १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर अनेक धर्मांचा विचार केला. इस्लाम स्वीकारला नाही आणि त्याच्यावर स्पष्ट टीकाही केली. पण टीका करणे वेगळे आणि शेजाऱ्याचा हक्क हिरावणे वेगळे. सम्राट अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात हेच सांगितले आहे : जो आपल्या पंथाच्या प्रेमापायी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाचे नुकसान करतो.

आता आजीचे उत्तर. आजी, दर्ग्यात नवस बोलू नका, गंडा-ताईत बांधू नका. ते आपल्या धम्मात बसत नाही. पण जत्रेत जरूर जा, नातवंडांना पाळण्यात बसवा, ओळखीच्या बाईच्या घरी चहा घ्या. श्रद्धा सोडली म्हणून शेजार सोडायचा नसतो. मैत्री ही तर आपल्या दहा पारमितांपैकी एक आहे.

घरी चर्चेसाठी प्रश्न :
१. पंचविसाव्या कलमात 'प्रसार' हा शब्द नसता, तर आपल्या कुटुंबाच्या दीक्षेचे काय झाले असते?
२. एखाद्या धर्मावर टीका करणे आणि त्या धर्माच्या माणसाचा द्वेष करणे यांत फरक कोणता?
३. हैदराबाद संस्थानात तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी काय पाहिले वा ऐकले, ते विचारून वहीत लिहा.

जयभीम!