काडतुसाचा हिशेब

नेमबाजी हा खर्चाचा खेळ आहे, हे त्यात उतरणाऱ्या प्रत्येकास लवकरच कळून येते. बंदूक एकदाच घ्यावी लागते. काडतूस मात्र प्रत्येक बाराबरोबर संपते. दिल्लीच्या दक्षिण भागात तुघलकाबाद येथे 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी नेमबाजीचे मैदान उभारण्यात आले. पाच ऑलिंपिक स्पर्धांत भाग घेतलेले डॉ. कर्णीसिंह यांचे नाव आज त्यास आहे. तेथे उडत्या तबकड्यांवर नेम धरणाऱ्या खेळाडूचे उदाहरण घ्यावे. ट्रॅप प्रकारातील एका फेरीत 25 तबकड्या असतात आणि पात्रता फेरीत प्रत्येकीवर दोन बार काढण्याची मुभा असते. म्हणजे 125 तबकड्यांच्या पात्रता स्पर्धेस 125 ते 250 काडतुसे लागू शकतात. सरावाचा हिशेब याहून कितीतरी मोठा. तेव्हा रिकाम्या पुंगळ्या टाकून देण्याऐवजी घरीच पुन्हा भरल्या तर काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचा विचार साधने, खर्च आणि कायदा अशा तीन अंगांनी करावा लागतो.

साधने

स्वतःच दारू भरणे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बारास हेच करावे लागे. आधुनिक काडतुसात पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी किंवा छर्रे असे चार मुख्य घटक असतात. बार झाल्यावर त्यांतील पुंगळीच तेवढी उरते. मात्र प्रत्येक पुंगळी पुन्हा भरता येत नाही. 0.22 इंची रायफलीच्या काडतुसात स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेले असते, त्यामुळे ते एकदाच उपयोगी पडते. स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले, तो याच काडतुसावर चालतो. 10 मीटर प्रकारात तर हवेच्या दाबावर चालणारी बंदूक असते. या दोन्ही खेळाडूंपुढे हा प्रश्न उद्भवतच नाही.

जेथे हे काम कायद्यास मान्य आहे, तेथे नवशिक्याचे लक्ष प्रथम दाबयंत्राकडे जाते. वस्तुतः पहिला खर्च दारूच्या उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या प्रमाणकोष्टकावर आणि दुसरा अचूक तराजूवर व्हावयास हवा. दारू ‘ग्रेन’ या मापाने मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. इतक्या सूक्ष्म मापात झालेली चूक डोळ्यांस दिसत नाही, परंतु नळीतील दाबास ती कळते. त्यानंतर दाबयंत्र, काडतुसाच्या मापाचे साचे, लांबी मोजण्याचे कॅलिपर आणि डोळ्यांचे संरक्षण करणारा चष्मा, असा क्रम लागतो. काटकसर करावयाचीच असेल तर ती यंत्राच्या वेगात करावी. तराजूत करू नये.

खर्च

केवळ पद्धत कळावी म्हणून काही काल्पनिक आकडे घेऊ. समजा, साधनांस 60,000 रुपये लागले आणि प्रत्येक काडतुसामागे 20 रुपये वाचले. मग 3,000 काडतुसे भरल्यावर भांडवल वसूल होईल. परंतु टोपी व दारू महाग मिळाली आणि बचत 8 रुपयांवर आली, तर हाच आकडा 7,500 वर जातो. तासाला 50 काडतुसे भरली जातात असे धरल्यास ते 150 तासांचे काम होय. शिवाय फुकट गेलेल्या पुंगळ्या आणि सुरक्षित साठवणीची व्यवस्था यांचा खर्च वेगळाच. सारांश, यंत्राच्या किमतीपेक्षा कच्चा माल कायदेशीर मार्गाने, नियमित आणि कोणत्या भावाने मिळतो, यावरच हा हिशेब अवलंबून आहे.

कायदा

अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरण्यास केंद्रीय परवाना लागत नाही. त्यामुळे तेथील पुस्तकांत हिशेब यंत्रापासून सुरू होतो. भारतात तो परवान्यापासून सुरू करावा लागतो. 1959 च्या शस्त्र अधिनियमात ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दाबयंत्र हे साधे सुताराचे हत्यार राहत नाही. कलम 5 नुसार दारूगोळ्याच्या निर्मितीस स्वतंत्र परवाना हवा. बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीस किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. दारूच्या साठ्यास 1884 चा स्फोटक अधिनियमही लागू होतो. त्याची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद आणि नोएडा ही नगरे एकमेकांस लागून असली, तरी ती तीन निरनिराळ्या शासनांखाली येतात. यास्तव शेजारच्या शहरातील मित्राचा अनुभव प्रमाण मानू नये. परवाना अधिकाऱ्याकडून लेखी उत्तर मिळेपर्यंत एकही साधन मागवू नये, हेच इष्ट. कमी किमतीच्या मोहाने परदेशातून मागविलेले यंत्र खेळाडूस आरोपी करू शकते, आणि मग बंदुकीचा परवानाही धोक्यात येतो.

मग सामान्य घरातील खेळाडूने काय करावे? भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना 1951 मध्ये स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर हे तिचे संस्थापक. खेळाडूंनी संघटित व्हावे, हाच खर्चाच्या प्रश्नावरचा अधिक टिकाऊ उपाय आहे. मान्यताप्राप्त संस्थेमार्फत काडतुसे मिळविणे, रिकाम्या बंदुकीने प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली नेम धरण्याचा सराव वाढविणे आणि प्रत्येक बाराची नोंद ठेवणे, या तीन गोष्टींस यंत्र लागत नाही. वाचविलेले काडतूस हेच सर्वांत स्वस्त काडतूस होय.